लष्करी मूल्ये कंपनीत आणायची, तर आधी मॅनेजरांना शिकवा

लष्करी मूल्यांतून कंपनीतल्या टीमने सहकार्याबद्दल काय शिकावे आणि त्यासाठी एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचे व्याख्यान ठेवावे का, असे आपण विचारले आहे. व्याख्यान अवश्य ठेवा, परंतु पहिल्या रांगेत मॅनेजर मंडळींना बसवा, असे सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या संपर्क-दळणवळण शाखेतून, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेला आणि पुढे पीथमपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळलेला इंदूरकर म्हणून मी सांगतो.

महूची लष्करी छावणी जवळच असल्यामुळे आमच्या कारखान्याला वक्ता सहज मिळाला. तो चांगला बोलला, पण प्लांट मॅनेजरांनी त्यातून एवढेच उचलले की, उशिरा येणाऱ्याची हजेरी कापायची आणि उलट प्रश्न खपवून घ्यायचा नाही. पुढे एकदा न्हावा शेवाला कंटेनर पाठवायचा होता. पॅकिंगच्या माणसांना फक्त 'आज थांबायचे आहे' असे कळवले गेले; बंदरात कंटेनर आत घेण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपते, हे कोणाला सांगितलेच नाही. त्यांनी नेहमीच्या क्रमाने दुसऱ्याच ग्राहकाच्या पेट्या आधी बांधल्या, फोर्कलिफ्टचा चालक शिफ्ट संपताच निघून गेला आणि जहाज चुकले. सर्वांना बोलावून कारण सांगावे, असे मी दुपारीच सुचवले होते. त्यावर 'फौजेत कारण विचारतात का?' असे उत्तर मला, म्हणजे फौजेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला, मिळाले.

फौजेत कारण विचारण्याची वेळच येत नाही, कारण ते आधीच सांगितलेले असते. मोहिमेच्या आदेशाचे पाच भाग ठरलेले आहेत: परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, प्रशासन व रसद, आणि कमांड व संपर्क. यांत परिस्थिती पहिली येते; शत्रू कोठे आहे आणि शेजारची आपली तुकडी काय करणार आहे, हे सांगितल्याखेरीज तुम्ही काय करायचे याकडे कोणी वळत नाही. सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत केलेल्या जमिनीच्या प्रतिकृतीवर, सगळे समजावून झाले की शेवटी 'कोई शक?' असे विचारतात. सेक्शन कमांडर पडला किंवा वायरलेस बंद झाला, तरी उरलेल्यांनी काम पुढे न्यायचे असते, आणि हेतू ठाऊक नसेल तर ते शक्य नसते.

१९३२ साली देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या उद्घाटनप्रसंगी तेव्हाचे सरसेनापती सर फिलिप चेटवुड यांनी अधिकाऱ्यांना क्रम घालून दिला: आधी देश, मग हाताखालची माणसे, स्वतःची सोय सर्वांत शेवटी. आमचे मॅनेजर त्या संध्याकाळी सर्वांच्या आधी घरी गेले होते.

फौजेतही नुसते ओरडणारे अधिकारी असतात, हे मान्य केले पाहिजे. शिवाय जवान बराकीत एकत्र राहतो आणि त्याला मनात आले म्हणून नोकरी सोडता येत नाही; ती जवळीक आठ तासांच्या ऑफिसात येणार नाही. तरीही काम वाटताना त्यामागचे कारण आणि शेजारच्या गटाचे काम सांगून पाहा. व्याख्याता केवळ शिस्तीवरच बोलणार असेल, तर त्या पैशांत टीमला जेवण द्या आणि वाढायला मॅनेजरांना उभे करा.