ग्रामपंचायतीच्या पैशातून उपकेंद्राला टेलिमेडिसिनचा संच घ्यावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झालात, गाव वणीच्या बाजूचं, उपकेंद्रात डॉक्टर बसत नाही, आणि एका कंपनीचा माणूस टेलिमेडिसिनच्या (पडद्यावरून लांबच्या डॉक्टरचा सल्ला घ्यायच्या) संचाचं कोटेशन घेऊन आलाय. वित्त आयोगाच्या पैशातून तो संच घ्यावा का? आणि सरकार ग्रामीण आरोग्यावर एवढा खर्च करतं, तर तो गावात दिसत का नाही?

मी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर औषध निर्माण अधिकारी आहे. औषधं आणि लसींचा साठा माझ्याकडे असतो, त्यामुळे मला दिसतं ते त्या खिडकीतून. माझं उत्तर: सध्या घेऊ नका.

पहिली गोष्ट, डॉक्टरशी बोलायला वेगळा संच लागतच नाही. ई-संजीवनी ही केंद्राची सेवा २०१९ पासून सुरू आहे आणि फुकट आहे. उपकेंद्रातले सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, लॅपटॉप किंवा टॅब उघडतात, पेशंटला समोर बसवतात, पलीकडून डॉक्टर बोलतो, चिठ्ठी निघते. गाडी अडते ती त्यानंतर. चिठ्ठीतली गोळी उपकेंद्राच्या कपाटात आहे का? नियमाप्रमाणे उपकेंद्राच्या पातळीवरच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात (उपकेंद्राचंच आताचं नाव) १०५ प्रकारची औषधं आणि १४ तपासण्या असायला हव्यात. ठराव करण्याआधी एकदा जाऊन बघा, आज त्यातलं किती आहे. बीपीची गोळी नसेल तर नागपूरच्या डॉक्टरने पडद्यावरून सांगून काय होणार? पेशंट वणीच्या मेडिकलमध्ये जाणार, आणि पुढच्या वेळी उपकेंद्राची पायरीही चढणार नाही.

पैशाचं म्हणाल, तर तो येत नाही असं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के. १५व्या वित्त आयोगाने तर २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला वेगळे ७०,०५१ कोटी सुचवले होते. पण प्रत्येक रुपयाला हेड, म्हणजे खर्चाचं खातं, ठरलेलं असतं, आणि ह्या हेडचा पैसा त्या हेडला लावता येत नाही. त्यात आमच्या अनुभवाने बरीचशी रक्कम वर्ष सरताना येते. मार्च एंडच्या आत खर्च दाखवायचा म्हटलं की वस्तू घेणं सगळ्यात सोपं: कोटेशन, बिल, फोटो, संपलं. तपासण्यांची रसायनं, डिझेल, नेटचं रिचार्ज, बॅटरी आणि दुरुस्ती मात्र बारा महिने लागते आणि तिचा फोटो काढता येत नाही. म्हणून यंत्रं येतात आणि बंद पडतात. तुमच्या संचाचंही हेच होईल अशी मला भीती आहे.

चालणारं तंत्रज्ञान कसं असतं, ते सांगतो. लसी ज्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्ये, ठेवतो त्याचं तापमान २ ते ८ अंशांत राहायला हवं. बाहेर आपल्याकडे मे महिन्यात ४६-४७ अंश, वर अवकाळी वादळात रात्रभर लाइन गायब. पोलिओची लस उष्णतेने मरते, पेंटाव्हॅलंट ही पाच आजारांवरची लस गोठली की वाया जाते. पूर्वी सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघून वहीत लिहायचं एवढंच होतं. मधल्या तासांत काय झालं ते देवाला माहीत. आता ई-विनचा, म्हणजे लससाठ्याच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेचा, तापमान नोंदणारा लॉगर बसवलाय. त्यात सिम असतं, तापमानाची नोंद आपोआप ऑनलाइन जाते, आणि हद्द ओलांडली की माझ्या मोबाइलवर मेसेज पडतो, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी. झाकण बंद ठेवायचं, जनरेटर लावायचा, नाहीच जमलं तर आइसपॅक लावून लस शेजारच्या केंद्रात हलवायची.

हे का चालतं बघा. मेसेज कोणाला जाणार ते ठरलेलं आहे. आल्यावर काय करायचं ते ठरलेलं आहे. बिघाड झाला तर जिल्ह्याला शीतसाखळी तंत्रज्ञ आहे. आणि जनरेटरच्या डिझेलला अबंध निधी, म्हणजे ठराविक हेडला न बांधलेला पैसा, आहे. यातलं डिझेल जरी काढून घेतलं, तरी लॉगर फक्त लस खराब झाल्याची बातमी देणार!

आता सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. आपल्या पूर्व विदर्भात हा घराघरातला विषय आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार संपवायचं उद्दिष्ट आहे, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी चालू आहे. गावात सोल्युबिलिटी टेस्ट करतात, पॉझिटिव्ह आला की नमुना पक्क्या तपासणीला जातो, एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे रुग्ण हे ठरतं, कार्ड मिळतं. तपासणीचा आकडा रोज पोर्टलवर चढतो, वरून विचारणाही त्याचीच होते. पण एसएस निघालेल्या पोरीला हायड्रॉक्सियुरिया ही त्यावरची गोळी महिनोन्‌महिने सलग मिळाली पाहिजे, मधूनमधून रक्त तपासायला हवं. ती गोळी एक महिना चुकली तर कोणत्याही पोर्टलवर लाल दिवा लागत नाही. माझ्या मते खरा डिजिटल खर्च इथे व्हायला हवा.

पोर्टलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लसीकरण यू-विनवर, गरोदर माता आरसीएचवर, बीपी-शुगर एनसीडी पोर्टलवर, टीबी निक्षयवर, शिवाय आभा कार्डाचं (डिजिटल आरोग्य ओळखपत्राचं) टार्गेट. आणि कागदी रजिस्टर सुटलेलं नाहीच. आमच्या सिस्टर रेंज मिळावी म्हणून शाळेच्या गच्चीवर जाऊन एंट्री करतात. एकाच बाईचं वजन तीन ठिकाणी लिहायला लावण्याला मी तरी तंत्रज्ञान म्हणत नाही.

विदर्भातलंच मोठं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. साधनं कोणती? वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळायची पिशवी, श्वास द्यायला साधा मास्क, काही औषधं, आणि मुख्य म्हणजे रात्री हाक मारली तर येणारी बाई. २०११ पासून देशभरात आशाताई ह्याच पद्धतीवर घरभेटी देतात. एका बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर मिळतात २५० रुपये. ह्या रकमेबद्दल मी काही बोललो तर उत्तर लांबेल.

दुसऱ्या टोकाला मेळघाटातलं हरिसाल. २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, टेलिमेडिसिन हा त्यातला मोठा भाग होता. २०१९ च्या प्रचारात राज ठाकरेंनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत त्याच हरिसालची दुसरी बाजू दाखवली. राजकारण सोडून द्या, पण कोटेशनवाल्याला निरोप देण्याआधी हरिसालला कोणी ओळखीचं असेल तर फोन लावा.

मग तुम्ही करायचं काय? उपकेंद्राची जन आरोग्य समिती असते. तिचे अध्यक्ष सरपंच, सचिव सीएचओ. उपकेंद्राला वर्षाला ५०,००० रुपये अबंध निधी असतो, तो ही समिती ठरवते. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. बैठक झालीच नसेल तर तुमचं पहिलं काम तेच. गाव पातळीवरच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे १०,००० वेगळे.

तुमच्या वित्त आयोगाच्या पैशाचंही गणित नीट बघा. १५व्या आयोगाच्या नियमात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार देता येत नव्हता. म्हणजे संच घेता आला असता, चालवणारा माणूस नाही. त्या पैशात उपकेंद्राला पाण्याची टाकी, नळ आणि चालू संडास झाला तर सिस्टर तिथे मुक्कामी राहू शकेल. रात्रीच्या बाळंतपणाला ती गावात असणं माझ्या हिशोबाने कोणत्याही स्क्रीनपेक्षा मोलाचं.

वणीकडे कोळसा आहे, म्हणून एक रस्ता तुम्हाला आणखी आहे. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणवाल्यांकडून खाणबाधित भागासाठी जमा होणारा, निधी आहे आणि आरोग्य त्याच्या अग्रक्रमाच्या विषयांत मोडतं. गाव बाधित गावांच्या यादीत आहे का ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन सोलर आणि इन्व्हर्टरचा प्रस्ताव टाका, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र सोबत जोडा. आणि प्रस्तावात पाच वर्षांच्या देखभालीचा करार आणि बॅटरी बदलण्याचा खर्च आत्ताच लिहून घ्या. नंतर त्याला हेड सापडत नाही.