पाठदुखीचा घोडा आणि स्वारीची घोडी

प्रश्न : माझ्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेला नऊ वर्षांचा थरोब्रेड खच्ची घोडा आणि सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली सहा वर्षांची काठेवाडी घोडी आहे. घोडा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येतो, दुडकीत म्हणजे हलक्या धावेत पाठ खाली टाकतो. एक्स-रेत खोगिराखालच्या तीन मणक्यांचे वरचे काटे एकमेकांना टेकलेले दिसले. डॉक्टरांनी तीन महिने बसायला मनाई केली असून हातात धरून चालवायला सांगितलं आहे. मला सकाळी दीड तास मिळतो. घोडीवर बसून घोडा शेजारी दोरीने नेला तर एका फेरीत दोन्ही कामं होतील का? माझं वजन ६८ किलो.
– एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : पहिले दोन महिने तरी हे करू नका. घोड्यानं मान खाली सोडली की मानेपासून पाठीवर गेलेला जाड बंध ताणला जातो आणि मणक्यांचे काटे एकमेकांपासून सुटतात. डोकं वर गेलं की पाठ खचते आणि तेच काटे पुन्हा घासतात. तुमचा घोडा घोडीपेक्षा उंच, त्याचं पाऊल लांब. तिच्या चालीशी जुळवून घ्यायला तो पाऊल आखडणार, दोरीला ओढ लागणार आणि डोकं वर जाणार. शिवाय स्वार सवयीनं दोरी उजव्या हातात धरतो. रोज उजव्या बाजूनं चालणाऱ्या घोड्याची मान डावीकडे वळलेली राहते आणि पाठीची एकच बाजू कामाला लागते.

दीड तासातला पहिला अर्धा तास घोड्याला द्या, घोडी नंतर. उलट क्रम लावलात तर दमून उतरल्यावर घोड्याच्या वाटणीला पाचच मिनिटं उरतील.

पहिले दोन आठवडे सपाट, टणक, सरळ वाटेवर १० मिनिटं चालवा. संध्याकाळी मोतद्दाराकडून (घोड्याची निगा राखणाऱ्याकडून) आणखी १०. पुढे आठवड्याला ५ मिनिटं वाढवत सकाळची चाल अर्ध्या तासावर न्या. तुम्ही त्याच्या खांद्याशी चाला, मोरकीची (तोंडावरच्या बंधाची) दोरी ढिली ठेवा. पुढून ओढत नेलंत तर डोकं वर जाणारच. लांब दोरीवर गोल फिरवणं सध्या बंद. लहान वर्तुळात पाठीला पीळ बसतो.

चालून अंग गरम झालं की गाजराचे ताण द्या, म्हणजे गाजर दाखवून त्याचं तोंड त्या त्या जागी न्या. हनुवटी छातीला, मग दोन्ही गुडघ्यांमध्ये, मग पुढच्या पायांच्या खुरांजवळ. नंतर डावीकडे आणि उजवीकडे तंगाच्या जागेपर्यंत व पुढे मांडीपर्यंत. प्रत्येक जागी ५ सेकंद थांबवून ५ वेळा. तो मागं सरकून फसवतो, म्हणून पुठ्ठा (मागचा भाग) भिंतीकडे ठेवून उभा करा. गाजर झटक्यानं हिसकावू देऊ नका, हळूहळू जागेवर न्या. मणक्यांना धरून ठेवणारे खोल स्नायू दुखण्यात वाळतात. ते भरायला आठवड्यातून पाच दिवस, सुमारे तीन महिने लागतात. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका.

पाचव्या आठवड्यापासून, डॉक्टरांची हरकत नसेल तर, जमिनीवर ४ दांडे आडवे ठेवा आणि त्यांवरून घोडा चालवा. अंतर ८० ते ९० सेंटिमीटर. पाऊल दांड्यावर पडत असेल तर अंतर बदला. बांबू नको, तो खुराखाली गरगरतो आणि घोडा घसरतो. वाळू भरलेला जाड पीव्हीसी पाइप चालेल, दोन्ही बाजूंना माती लावा.

तबेल्यात आगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे पाय जखडणारे दोर) बांधत असाल तर ती सोडा. आखडून उभ्या राहिलेल्या घोड्याची सकाळच्या अर्ध्या तासाची कमाई उरलेल्या दिवसात जाते. छोटा बाडा करा, चारा जमिनीवर घाला म्हणजे मान आपोआप खाली राहील. चणे-ओटांची चंदी (दाण्याचा खुराक) निम्म्यावर आणा. बसून खाल्लेल्या चंदीवर एकदम काम पडलं की पुठ्ठ्याचे स्नायू धरतात, लघवी कॉफीसारखी होते.

आता घोडीकडे बघा, तुमच्या पत्रात ती जवळपास नाहीच. छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून बूडहाडाच्या (पुठ्ठ्यामागच्या हाडाच्या) टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की वजन किलोत. घेर १७० आणि लांबी १५२ असेल तर वजन सुमारे ३७०. पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा त्याच्या २० टक्के धरा, म्हणजे ७४ किलो. तुम्ही ६८, खोगीर ८, बेरीज ७६, म्हणजे मर्यादेच्या वरच. घोडा बसलाय म्हणून त्याचंही काम तिच्याकडून घ्याल, तर तीन महिन्यांनी पाठदुखीची दोन जनावरं सांभाळावी लागतील. तिला आठवड्यात चारच दिवस, ४० मिनिटं, बहुतेक चालीवर घ्या. दुडकीत तालावर खोगिरातून उठबस करा. चढताना उंच ठोकळा वापरा, जमिनीवरून चढलं की खोगीर पाठीवर पिळतं.

दोरीनं शेजारी नेण्याचा तुमचा बेत तिसऱ्या महिन्यात, घोडा दांड्यांवर मान सोडून चालू लागल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर करा. फक्त चाल, सपाट रस्ता; बाजू रोज बदला, घोड्याची मान तुमच्या गुडघ्याशी ठेवा. एकमेकांना चावण्या-लाथाडण्याची सवय असेल तर बेत रद्द.

प्रश्न : दोघांना एकच खोगीर चालेल का? खाली जाड गादी घालतो.

उत्तर : नाही. खोगीर अरुंद असेल तर जाड गादीनं ते आणखी आवळतं. घट्ट बुटात दुसरा मोजा घातल्यासारखं. तुम्ही बसल्यावरही खांद्यावरच्या उंचवट्याच्या वर दोन-तीन बोटं जागा हवी, मधली खाच तीन-चार बोटं रुंद हवी आणि खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. फिरून आल्यावर घामाचा ठसा बघा. ओल्या पाठीवर कोरडा चट्टा म्हणजे बहुतेक तिथं दाब जास्त आहे. घोड्याच्या पाठीवर स्नायू भरल्यावर त्याचा आकार बदलेल, तेव्हा त्याच्या खोगिराचं माप आत्ता घेऊ नका.

प्रश्न : वेदनाशामक देतोय तोपर्यंत घोडा छान चालतो. मग बसायला काय हरकत?

उत्तर : औषधानं दुखणं झाकलं आहे. डॉक्टरांना विचारून औषध थांबवा आणि त्याचा अंमल उतरल्यावर घोडा तपासून घ्या. बोटांनी पाठ दाबल्यावर तो दचकत नसेल, तंग लावताना कान पाडत नसेल, सरळ रेषेत दुडकी बरोबर टाकत असेल आणि डॉक्टरही हो म्हणत असतील, तर हलक्या स्वारानं १० मिनिटं चालीवर सुरुवात करावी. मागच्या पायांची तपासणीही करून घ्या. मागचा पाय दुखत असला तरी पाठ आखडते, आणि मग पाठीवर कितीही मेहनत घेतली तरी दुखणं परत येतं.

प्रश्न : घोडीला बाहेर काढलं की घोडा बाड्यात धावत सुटतो.

उत्तर : असं आपटत धावणं त्याच्या पाठीला फार वाईट. चारा घोडी बाहेर पडायच्या आधी पाच मिनिटं घाला. पहिला आठवडा तिला नजरेआड नेऊ नका, मग रोज दोन मिनिटं वाढवा. शेजारी एखादी शेळी बांधली तरी बरेच घोडे शांत होतात.