'कंपनी' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की 'गुड कंपनी' म्हणजे चांगली संगत आणि 'प्रायव्हेट कंपनी' म्हणजे धंदा, तर हे दोन वेगळे शब्द आहेत का? नाही, शब्द एकच. त्याच्या पोटात पाव आहे.

लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे पाव. त्यावरून 'कंपानिओ', म्हणजे एका भाकरीतला वाटेकरी. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा धंद्याचा संबंध नव्हता. सोबत, मंडळी, शिपायांची तुकडी, एवढंच. व्यापाऱ्यांच्या मंडळीलाही मग तेच नाव पडलं. ३१ डिसेंबर १६०० ला एलिझाबेथ राणीने दिलेल्या सनदेत ईस्ट इंडिया कंपनीचं नावच मुळी 'गव्हर्नर अँड कंपनी ऑफ मर्चंट्स ऑफ लंडन...' असं आहे. इथे 'कंपनी' म्हणजे लंडनच्या व्यापाऱ्यांची मंडळी.

मराठीने यातला एकही अर्थ सोडला नाही. 'कंपनी सरकार' झालं, 'जरा कंपनी दे ना' झालं आणि पुण्या-पिंपरीत 'पोरगा कंपनीत लागला' म्हणजे सरळ कारखान्यात लागला. मला सगळ्यात जवळची वाटते ती नाटक कंपनी. नट, साथीदार, पडदे ओढणारे गावोगाव एकाच बिऱ्हाडात राहायचे, एकाच पंगतीला जेवायचे. लॅटिन न शिकता आपण शब्दाच्या मुळाशी पोचलो होतो!

आता आपला पाव. पोर्तुगीजांच्या 'पांव'वरून तो आला आणि त्याचंही मूळ 'पानिस'च. पायाने मळतात म्हणून पाव, ही ऐकीव व्युत्पत्ती कृपा करून पुढे पाठवू नका.

मी भोसरीत नोकरीला लागलो तेव्हा रात्रपाळीत कँटीनला जायचो. आमचे एक वयस्कर फिटर काका लादीतून चार पाव तोडायचे, दोन माझ्या ताटात टाकायचे आणि म्हणायचे, "बस रे, कंपनी दे." पुढे शब्दकोशात 'पानिस' वाचलं तेव्हा पहिल्यांदा तीच लादी डोळ्यांसमोर आली.

'कंपॅनियन' तर याच घरातला आहे, आणि रेल्वेच्या पँट्री कारमधली 'पँट्री'सुद्धा. पूर्वी ती पाव ठेवायची खोली होती.