एक काढायला दुसरं हलवायला लागता कामा नये

पोरा,

परवा बेळगावच्या उद्यमबागेत त्या फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये तुला बघितलं तेव्हा मी काही बोललो नाही, चार माणसं होती म्हणून. हातात वहीचं पान, पानावर सोफा-कार्पेट धुवायच्या धंद्यासाठी घेतलेल्या तुझ्या मारुती ईको व्हॅनचं चित्र, मागं ३०० लिटरची टाकी, मधे कार्पेटमधलं मळकं पाणी ओढून घेणारं एक्स्ट्रॅक्शन मशीन, वर रॅक, रॅकवर जनरेटर, आणि तू त्या वेल्डरला विचारायलास "हे सगळं बसतंय नव्हं?" तो काय म्हणणार, बसतंय म्हणाला. घरी आलो, जेवलो, झोप काय लागेना, म्हणून हे लिहायलोय.

बसायला काय, सगळंच बसतं मर्दा. तू निघायचं विचार. सकाळी दहाला गिऱ्हाइकाच्या दारात, मागं रिक्षावाला हॉर्न मारायलाय, पावसाची रिपरिप, आणि तुला फक्त ड्राय व्हॅक्यूम पाहिजे. त्यासाठी आधी होज पाइपचं भेंडोळं खाली, मग बादल्या खाली, मग फॅन खाली, सगळं चिखलात. माझा एकच नियम आहे आणि तो मी तुला या पत्रात दहा वेळा सांगणार, कंटाळा आला तरी वाच. गाडीतली कुठलीही एक वस्तू काढायला दुसरी हलवायला लागता कामा नये. लागली तर ती वस्तू चुकीच्या जागी आहे, नाहीतर गाडीत नकोच आहे.

आधी ती टाकी बघू. पाणी लिटरला एक किलो. म्हणजे ३०० किलो नुसतं पाणी, तू आणि तुझा मित्र मिळून सव्वाशे-दीडशे, मग मशीन, जनरेटर, केमिकलचे कॅन, आणि रॅकच्या लोखंडी अँगलचं स्वतःचं वजन तर तू धरलेलंच नाहीस. आरसीवर गाडीचं रिकामं वजन असतंय आणि भरून किती चालतंय तेही असतंय. वजाबाकी कर, त्यात तुम्ही दोघं पण आलात. आणि टाकी भरलेली असते तोवर एक वेळ ठीक, अर्धी झाली की पाणी आत हिंदकळतं, गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या वळणावर तू स्टिअरिंग इकडं फिरवलंस तरी पाणी तिकडं ढकलतं, आणि टाकीत आडवे पडदे नसले तर ब्रेक मारल्यावर मागनं कोणीतरी धक्का दिल्यासारखं होतं. मी ते अनुभवलंय. गोव्याचं एक काम घेतलं होतं, त्या घाटात मी गाडी बाजूला लावून अर्धी टाकी रस्त्याकडेला सोडली आणि मग पुढं गेलो.

आणि टाकी कशाला पाहिजे सांग की. गिऱ्हाइकाच्या घरी नळ आहे. शहरातल्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, बाकीच्या गल्ल्यांत रोज येत नाही हे खरं, पण तिथं पण बॅरल भरलेलं असतं, दोन बादल्या कोण नाही म्हणत नाही. बोअरचं जड पाणी असलं तर शेवटच्या हाताला आपलं पाणी वापरायचं, त्याला २० लिटरचे तीन कॅन बास. कॅन एका हातानं निघतो. टाकी निघत नाही.

मला माहीत आहे हे डोक्यात कुठनं आलं ते. अमेरिकेतले व्हिडिओ. मशीन गाडीतच फिक्स, इंजिन चालू, लांब होज सरळ घरात. तिकडं घरासमोर गाडी लागते. आपल्याकडं शहापुरात, नाहीतर गणपत गल्लीच्या बाजूला गाडी कुठं लागते? कोपऱ्यावर. तिथनं घर शंभर पावलं, वर माळा. टिळकवाडीत अपार्टमेंट, तिसरा मजला, लिफ्ट बंद. होज जितका लांब तितका ओढ कमी, पाणी कार्पेटमध्येच राहतं, मग खालचा ताग भिजतो, वर तपकिरी डाग येतात, लोकरीचं असलं तर आक्रसतं पण. आपलं मशीन गिऱ्हाइकाच्या खोलीत जाणार. दिवसातनं तीन वेळा उतरणार, तीन वेळा चढणार. तुझ्या चित्रात ते रॅकच्या खाली मधोमध अडकलेलं आहे. तीन वेळा कसं काढणार होतास?

हे मी चिडून लिहायलोय असं वाटेल. चिडलोच आहे, पण तुझ्यावर नाही.

२००६ ला मी ओम्नीवर सुरुवात केली, मागची सीट काढून, एक व्हॅक्यूम, एक ब्रश मशीन, बास. धंदा बरा चालला, २०११ ला छोटा हत्ती घेतला, मागं बंद बॉडी बांधली. तेव्हा मला कोणीतरी सांगितलं की जड वस्तू पुढं ठेवायची, मागच्या चाकाच्या पलीकडं वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात. बरोबरच सांगितलं होतं. म्हणून ४५ किलोचं मशीन सगळ्यात आत, केबिनला लागून ठेवलं आणि बाकी सगळं त्याच्यापुढं दारापर्यंत. माझ्याकडं खानापूर बाजूचा एक पोरगा होता, तुझ्याच वयाचा. तो आत वाकून जायचा, होजवरनं, बादल्यांवरनं, आणि ते मशीन कंबरेत वाकून उचलून बाहेर आणायचा. रोज. दोन वर्षं तो काही बोलला नाही आणि दोन वर्षं मी विचारलं नाही. निपाणीला एका मंगल कार्यालयाचं काम होतं, पावसाचे दिवस, बॉडीत ओलं, पाय घसरला, मशीन हातात तसंच धरून बसला खाली. मणक्याची गादी सरकली. ऑपरेशन टळलं, पण जड उचलायचं कायमचं बंद. दवाखान्याचं मी सगळं भरलं, वर पण दिलं. त्याची आई मला काही बोलली नाही, चहा दिला. तो चहा माझ्या अजून घशात आहे.

दारात असतं ते मशीन तर दोघांनी धरून फळीवरनं उतरवलं असतं. एवढंच होतं. एक काढायला दुसरं ओलांडायला लागत होतं, आणि मला ते दिसत असून दिसलं नाही.

म्हणून आता नीट वाच. ईकोचा फायदा काय आहे तर बाजूचं सरकतं दार. मशीन ड्रायव्हरच्या मागं पार्टिशनला लागून ठेव, पण तोंड डाव्या दाराकडं. म्हणजे वजन दोन्ही चाकांच्या मधे राहिलं आणि मशीन दारात पण आलं. दोन्ही साधतं. मला हे सुचायला पोराची कंबर जायला लागली, तुला फुकट सांगायलोय. उतरवायला सात-आठ इंच रुंदीच्या दोन जाड फळ्या, वरच्या टोकाला लोखंडी आकडा, दाराच्या पट्टीत अडकतो. उचलायचं नाही, घसरवायचं.

पार्टिशन जाळीचंच कर, पण सीटला चिकटवून नको, ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, मेकॅनिकला सीट उचलायला लागते. आणि खालच्या पत्र्याला ड्रिल मारायच्या आधी गाडीखाली झोपून बघ. खाली पेट्रोलची टाकी आहे, ब्रेकचे पाइप आहेत, मागच्या चाकांना जाणारा शाफ्ट आहे. बोल्टच्या खाली मोठी पट्टी टाक, नाहीतर नुसता वॉशर पत्रा फाडून वर येतो. वेल्डिंग करू नको, सगळं नट-बोल्टवर, उद्या काढता आलं पाहिजे. बॉडी कापणं, टपाला भोक पाडणं असलं काही तर अजिबात नको, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीत लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे.

मागचं दार वर उघडतं, ते पावसात छत म्हणून छान, पण खडेबाजारात मागं कोणाची स्कूटर चिकटली की उघडतच नाही. तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत जे लागतं, म्हणजे पायपोस, जमिनीवर टाकायचं प्लास्टिक, ड्राय व्हॅक्यूम, फवारणीचा पंप, ते सगळं बाजूच्या दारापाशी. मशीनच्या शेजारी, मशीनच्या वर नाही. वर ठेवलंस की संपलं, एक काढायला दुसरं आलंच.

आता एक गोष्ट जी कोण सांगत नाही. गाडी सगळे सकाळची भरतात. संध्याकाळी परत येताना तीच गाडी वेगळी असते. सकाळी सुका आणि घट्ट गुंडाळलेला होज संध्याकाळी ओला, फुगलेला, दीडपट जागा खातो. मळक्या टॉवेलांची पिशवी सकाळी नव्हतीच. मशीनच्या घाण पाण्याच्या टाकीत तळाला दोन लिटर राहिलेलं असतं, ते वळणावर सांडतं. म्हणून मागच्या दाराची बाजू पूर्ण ओल्याला दे, खाली काठ असलेला ट्रे, होज त्याच्यात, आणि ट्रे सकाळी अर्धा रिकामाच दिसला पाहिजे. तुझ्या चित्रात रिकामी जागा कुठंच नाही. आपल्याकडं जूनला पाऊस लागला की ऑक्टोबरपर्यंत काही वाळत नाही, ओला होज बंद गाडीत एक रात्र राहिला तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये आधी तो वास शिरतो. रात्री होज घरात टांगायचा. रोज. दमलास तरी.

जनरेटरचं थोडक्यात, घेऊ नको. आणि घेतलास तर गाडीत बसून, दारं लावून, पाऊस आहे म्हणून आत कधी चालवू नको, त्या धुराचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपतो तो उठत नाही. गिऱ्हाइकाची वीज वापर. पण १५०० वॅटची मोटर म्हणजे साडेसहा अँपिअर, पाणी तापवायचा २००० वॅटचा हीटर म्हणजे पावणेनऊ, दोन्ही एकाच प्लगवर जुन्या घरात लावलंस तर वायर तापते. वेगवेगळ्या खोल्यांतनं घे. एक्स्टेंशन २.५ एमएमची, अर्थिंगसकट, आणि पूर्ण उलगडून, गुंडाळलेली वायर आतल्या आत भाजते. करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ट्रिप स्विच एक्स्टेंशनच्या बोर्डातच बसवून घे, पाण्यात उभं राहून काम करायलोय आपण.

अॅसिड आणि ब्लीच एका खोक्यात नको. सांडून एकत्र झालं तर क्लोरीन गॅस होतो, आणि गाडी बंद असते.

तू म्हणशील काका, एवढी जागाच कुठं आहे. मग सामान घरी ठेव की! उद्या सोफा आहे तर कार्पेटचं मोठं ब्रश मशीन कशाला फिरवायलास? आदल्या रात्री उद्याची कामं बघायची आणि तेवढंच भरायचं. पतसंस्थेचं कर्ज काढलंयस, रोजची पिग्मीची भर चालू आहे, म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू गाडीत दिसली पाहिजे असं वाटतं, मला कळतंय ते. मला पण वाटायचं.

छोटा हत्ती मी तीन वर्षांत विकला आणि ईको घेतली, तेव्हा ओळखीचे म्हणाले याचा धंदा बसला. अजून म्हणतात, बघ की, माझ्या मागनं आलेल्यांनी तीन-तीन गाड्या केल्या, हा आहे तिथंच आहे. असू दे. मला मोठी गाडी परवडत नव्हती असं नाही. मला परत कोणाला आत वाकून पाठवायचं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्याकडं कामाला असलेल्या एकाचीही कंबर गेलेली नाही. मशीन मी स्वतः पण उतरवतो, या वयात, फळीवरनं. गिऱ्हाईक गॅलरीतनं ओरडतंय, आपण कानडीत "स्वल्प तडीरी", जरा थांबा, म्हणत एका हातानं दार सरकवायचं आणि दोन मिनिटांत सामान खाली, हे ज्याला जमतं त्याची गाडी लहान नसते. मी चुकीचा असेन तर मला समोर येऊन सांग, पण आधी तुझ्या चित्रातलं ते मशीन काढून दाखव.

त्या फॅब्रिकेटरला अॅडव्हान्स दिला नसशील तर देऊ नको अजून. रविवारी सकाळी गाडी रिकामी करून आमच्या घराकडं घेऊन ये, सीटच्या मागचं सगळं काढून. सामान पण आण, वेगळ्या टेम्पोत आण हवं तर, भाडं मी देतो. खडू माझ्याकडं आहे. गाडीच्या तळावर जागा आखू, भरू, आणि मग मी नाव घेईन ती वस्तू तू काढायची, दुसरीला हात न लावता. मित्राला पण आण, फळी धरायला दोघं लागतात.