बॉर्डर कॉली घेऊ का?

प्रश्न: ताई, आम्ही वाकडला राहतो, टू बीएचके, नववा मजला. मी आणि मिस्टर दोघंही आयटीत, मला आठवड्यात तीन दिवस ऑफिस, त्यांना पाचही. मुलगी सहा वर्षांची. रील्स बघून दोघं बापलेक बॉर्डर कॉलीसाठी हट्टाला पेटलेत, ब्रीडरला टोकन द्यायचं म्हणतायत. एवढा हुशार कुत्रा, पटकन शिकेल, मग प्रॉब्लेम काय असं यांचं म्हणणं. मला मात्र धाकधूक वाटतेय.

उत्तर: टोकन देऊ नका, निदान आत्ता तरी नको. तुमची धाकधूक बरोबर आहे. फ्लॅट लहान आहे म्हणून नाही म्हणत मी, फ्लॅटमध्ये छान राहणाऱ्या कॉली आहेत, पण तिथे दिवसभर घरी कुणीतरी असतं.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात मेंढ्या वळायला ही जात तयार झाली. १८९३ साली नॉर्दम्बरलंडमध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प हा आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळ पुरुष मानतात, तो आरडाओरडा न करता नुसत्या नजरेनं कळप हलवायचा आणि पुढे लोकांनी तेच गुण बघून पिढ्या वाढवल्या. असा कुत्रा हॉलमध्ये दहा तास एकटा राहिला तर स्वतःच काम शोधतो, सोफा फोडेल, बाल्कनीतून खालच्या प्रत्येक स्कूटरवर भुंकेल, नाहीतर भिंतीवरच्या सावल्यांच्या मागे लागेल, आणि हे सावल्यांचं वेड एकदा लागलं की सुटता सुटत नाही.

आता लेकीचं बघा. पार्किंगमध्ये पोरं पळायला लागली की कॉली मान खाली घालतो, पुढचा एक पाय उचललेला तसाच धरून एकटक बघत राहतो, आणि मग गोल वळसा घालून मागून येऊन टाचेला दात लावतो. त्यात राग अजिबात नसतो, तो बिचारा मेंढ्या वळतोय, पण शेजारच्या मुलाच्या पायावर ओरखडा उठला तर त्याच्या आईला हे कोण समजावणार?

रोज तासभर बॉल टाकला की दमेल असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही दमत! नुसत्या बॉलनं स्टॅमिना तेवढा वाढतो, डोकं शांत होत नाही. त्याला हुंगत हुंगत फिरवायचं, खाणं लपवून शोधायला लावायचं, थोडं थोडं शिकवायचं आणि गप्प पडून राहायलासुद्धा शिकवायचं. शिवाय अंगावर दुहेरी केस, त्यामुळे पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच फिरवणं. आणि हे लक्षात ठेवाच, कॉली जातींत काही कुत्र्यांमध्ये एमडीआर-१ जनुकात दोष असतो, त्यांना आयव्हरमेक्टिनचा जास्त डोस जिवावर बेतू शकतो, तेव्हा गोचिडांसाठी कुणीतरी सांगितलं म्हणून हे औषध कधीच द्यायचं नाही, आधी व्हेटला विचारायचं.

मिस्टरांना म्हणावं, महिनाभर रोज साडेपाचला उठून तासभर बाहेर पडा आणि संध्याकाळी पुन्हा तासभर, पाऊस असो नाहीतर क्लायंट कॉल. हे बारा-पंधरा वर्षं करायचंय. झेपलं आणि दुपारी घरी कुणी राहणार असेल तर परत विचार करा. नाहीच झेपलं तर शेल्टरमधला तीन-चार वर्षांचा शांत गावठी कुत्रा बघा, मोठा असल्यानं त्याचा स्वभाव आधीच कळतो, मुलीला दोन-तीनदा भेटवून मग घरी आणा.

प्रश्न: सिन्नरजवळ शेत आहे, शेळ्या पाळतो. बिबट्याची भीती. राखणीला बॉर्डर कॉली चालेल का?

उत्तर: नाही दादा. कळप वळणारा कुत्रा वेगळा, राखणारा वेगळा. आपल्या धनगरांचे कुत्रे कळपाबरोबर राहून लांडग्यापासून राखण करतात, तसा कुत्रा बघा, पण तोही बिबट्यापुढे टिकेल या भरवशावर राहू नका, बिबट्या कुत्र्यालाच उचलतो. रात्री शेळ्या आणि कुत्रा दोन्ही बंद गोठ्यात घ्या आणि जाळी चारी बाजूंनी मारताना वरूनही मारा.