गोळ्या उरतायत, त्यांना ओरडू नका

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ५६ वर्षांचे आहेत. त्यांना एचआयव्ही आहे, बरीच वर्षं एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू आहे आणि आतापर्यंत वायरल लोड (रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण) अनडिटेक्टेबलच, म्हणजे टेस्टमध्ये न सापडण्याइतका कमी, यायचा. पण वर्षभरात माणूस बदललाय. हिशोबाला एकदम पक्के होते, आता लाइट बिल हातात घेऊन नुसते बसून राहतात, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, मेसेज अर्धा टाइप करून फोन ठेवून देतात. विचारलं की चिडतात. परवा गोळ्यांची बाटली बघितली तर बऱ्याच उरलेल्या, त्यावरून आमचं जोरात भांडण झालं. हे वयाने होतंय, मुद्दाम करतायत, की एचआयव्ही डोक्यात गेलाय? पुढे वेड लागतं का?

उत्तर : ताई, मुद्दाम करत असतील असं मला तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. ५६ हे काय बिल न समजण्याचं वय नाही, त्यामुळे वयावर ढकलून गप्प बसू नका. आणि वेड वगैरे शब्द घरात नकोच.

एचआयव्ही मेंदूत जातो हे खरं आहे, आणि तो शेवटी शेवटी नाही, लागण झाल्यावर काही आठवड्यांतच पोचतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लपून. न्यूरॉनला, म्हणजे विचार-हालचाल चालवणाऱ्या मेंदूच्या पेशीला, तो सहसा थेट धरत नाही, मायक्रोग्लिया नावाच्या मेंदूतल्या राखणदार पेशी असतात त्यांच्यात ठाण मांडतो, मग त्यातून जी रसायनं सुटतात आणि सूज येते त्यात न्यूरॉनची वाट लागते. औषधांनी रक्तातला व्हायरस दाबला गेला तरी ही सूज काही जणांत धुमसत राहते, विशेषतः ज्यांचा सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) उपचाराआधी कधीतरी २०० च्या खाली गेला होता त्यांच्यात. मिस्टरांची जुनी फाइल काढून तो सगळ्यात कमी आकडा कुठला होता ते बघा, डॉक्टरांना लागेल.

हा त्रास अल्झायमरसारखा दिसत नाही म्हणून घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. इथे माणूस आधी स्लो होतो. विचार, हातांची हालचाल, एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळणं, प्लॅनिंग, सगळंच मंदावतं, उत्साह जातो, आणि बाहेरच्याला वाटतं आळशी झालाय. आठवणही अडकते, पण जरा हिंट दिली की बरेचदा येते, अल्झायमरमध्ये हिंटचा तेवढा उपयोग होत नाही. बटणांचं तुम्ही लिहिलंत ते म्हणूनच महत्त्वाचं वाटलं. तपासताना डॉक्टर पण असंच काहीतरी करायला लावतात, अंगठा आणि पहिलं बोट जमेल तेवढं भराभर टेकवा, मूठ-तळहात-कड अशा क्रमाने हात टेबलावर ठेवा, चार शब्द सांगतो ते थोड्या वेळाने सांगा. पाच मिनिटांचं काम. त्यावर निदान होत नाही, पुढे नीट तपासायचं की नाही एवढं कळतं.

घाबरू नका हे मी आकड्यानिशी सांगतो. १९९६ च्या आसपास कॉम्बिनेशन औषधं आली त्याआधी एड्सच्या पेशंटमध्ये डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणं अडेल इतकं डोकं मंदावणं, बराच दिसायचा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या चार्टर अभ्यासात एचआयव्ही असलेले दीड हजारांवर लोक तपासले, त्यात साधारण निम्मे विचार-आठवणीच्या टेस्टमध्ये कुठेतरी कमी पडले पण डिमेन्शिया म्हणावा असे फक्त २ टक्केच होते. त्या निम्म्यांतल्याही बहुतेकांना रोजच्या जगण्यात काही त्रास नव्हता, त्यामुळे तो मोठा आकडा मला जरा फुगलेलाच वाटतो.

आणि सगळं एचआयव्हीच्याच नावावर टाकू नका हो, कधीकधी डॉक्टरही टाकतात. डिप्रेशन, बी-१२ कमी, थायरॉइड, सिफिलिस, दारू, झोपेच्या गोळ्या, बीपी-शुगर, यातलं काहीही असू शकतं आणि बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. एफाविरेन्झ ही एचआयव्हीची गोळी चालू असेल तर तेही विचारा, त्याने काहींचं डोकं जड राहतं. कमरेतून पाणी काढायला सांगितलं तर नाही म्हणू नका, कारण कधीकधी रक्तात व्हायरस सापडत नाही पण मेंदूभोवतीच्या पाण्यात असतो, मग औषधं बदलावी लागतात.

आता गोळ्या. विसरल्यामुळे गोळ्या चुकतात, चुकल्या की व्हायरस वर येतो, मग डोकं आणखी मंदावतं, असं ते चक्र असतं. म्हणून गोळ्यांचं काम आजपासून तुमच्याकडे घ्या, आठवड्याच्या खणांचा डबा, फोनवर अलार्म, आणि समोर घेतली का बघायचं, चौकशीच्या सुरात नाही. वायरल लोड लगेच परत करा, आणि तो परत अनडिटेक्टेबल येऊन टिकेपर्यंत काँडोम वापरा, जुन्या रिपोर्टवर भरवसा नको. पैशांचे ऑनलाइन व्यवहारही सध्या दोघांनी मिळून करा.

ताप, जोरात डोकेदुखी, फिट, एका बाजूची ताकद जाणं किंवा दोन-चार दिवसांत एकदम गोंधळणं, यातलं काही दिसलं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या, ते वेगळंच इन्फेक्शन असू शकतं.

प्रश्न : मी २९ वर्षांचा, नुकताच पॉझिटिव्ह निघालो, सीडीफोर ६१० आहे, गोळ्या सुरू झाल्यात. लोकांची नावं विसरतोय. सुरुवात झाली का?

उत्तर : बहुतेक नाही. एवढ्या चांगल्या सीडीफोरवर औषधं सुरू झाली तर डिमेन्शियाची शक्यता फार कमी. अशी बातमी कळल्यावर झोप उडते आणि लक्ष कुठेच लागत नाही, नावं त्यातच जातात. झोप कशी आहे ते पुढच्या व्हिजिटला सांग, आणि डोलुटेग्राविर ही एचआयव्हीची गोळी रात्री घेत असशील तर सकाळी घेऊ का एवढं विचार, त्याने काहींची झोप मोडते.