पिकअपचे दणके कमी करायचे असतील तर पाटे काढायच्या आधी हे करून बघा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नंदगडजवळचं गाव, डबल केबिनची पिकअप, पाच वर्षं जुनी. रताळ्याच्या दिवसांत भरून बेळगावच्या एपीएमसीला जाते, एरवी जास्त करून रिकामीच असते. आईंना दर महिन्याला बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतं, तेही याच गाडीतनं, आणि मागच्या सीटवर दणके बसून त्यांची कंबर धरते. मेस्त्री म्हणतात मागच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन काढा. भाऊ म्हणतो बाहेरच्या कंपनीचा महागडा सस्पेन्शन सेट टाका.

माझं मत विचाराल तर आत्ता यातलं काहीच करू नका. मी उद्यमबागेतनं कोल्हापूरला कास्टिंग नेणाऱ्या गाड्या चालवतो आणि पाट्यांची कामं समोर उभं राहून करून घेतो. त्या अनुभवावर सांगतो, तुमच्या गाडीचे पाटे जास्त आहेत असं नसून जे आहेत ते हलत नाहीत, अशी शक्यता दाट आहे.

एक गोष्ट मात्र आजच करा. आईंना पुढं बसवा. डबल केबिनमध्ये मागची सीट मागच्या चाकांच्या बाजूला सरकलेली असते, त्यामुळं पाट्यांचा दणका तिथं जवळजवळ पुरा पोचतो. पुढची सीट दोन्ही चाकांच्या मध्ये येते, म्हणून तिथं तोच हंप बराच सौम्य लागतो. याला एक रुपयाही लागत नाही.

आता रिकामी गाडी का आपटते ते बघू. मागचे पाटे भरलेल्या गाडीसाठी बनवलेले असतात. आरसीवर लिहिलंय तेवढं वजन टाकून खड्ड्यातनं गेलं तरी पाटा तुटू नये आणि गाडी बसू नये, हा कंपनीचा हिशेब. गाडी रिकामी झाली की पाटे तितकेच ताठ राहतात, पण त्यांच्यावरचं वजन समजा एक तृतीयांश उरतं. मग गाडीचा मागचा भाग वर-खाली होण्याचा वेग तीनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे जवळपास पावणेदोनपट वाढतो. भरलेली गाडी हंपवर डुलते आणि तीच रिकामी आदळते, ती यामुळं.

हाच हिशेब मेस्त्रींच्या सल्ल्याला लावा. सारख्या जाडीचे नऊ पाटे आहेत असं धरू. दोन काढले की कमानीचा, म्हणजे एका बाजूच्या सगळ्या पाट्यांच्या जुडग्याचा, ताठपणा २२ टक्क्यांनी कमी होतो. पण आरामातला फरक वर्गमुळानं पडतो, त्यामुळं हलण्याचा वेग फक्त १२ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे अंगाला जेमतेम जाणवेल एवढा फायदा. आणि रताळ्याची पोती भरली की उरलेल्या सात पाट्यांवर प्रत्येकी जवळपास २९ टक्के जास्त ताण. त्यातही मधलाच पाटा काढला तर लांबीची उतरंड तुटते, सगळा ताण एका जागी गोळा होतो आणि तिथंच वरचा मुख्य पाटा जातो. मुख्य पाटा गेला की मागचा ॲक्सल जागेवर धरायला काही राहत नाही. आई गाडीत असताना हा धोका कशाला घ्यायचा?

काही जण सगळ्यात खालचा जाड, जवळजवळ सरळ पाटा काढतात. तो हेल्पर. रिकाम्या गाडीत त्याची टोकं वरच्या पाट्यांना टेकतच नाहीत, तो कामाला लागतो गाडी भरल्यावर. तो काढून रिकाम्या गाडीत काही फरक पडत नाही, भरलेली गाडी मात्र बसते.

मग करायचं काय? सुरुवात हवेपासून. भाड्याच्या सवयीनं लोक बारा महिने भरलेल्या गाडीची हवा ठेवतात. दाराच्या खांबावरचा स्टिकर किंवा गाडीचं पुस्तक बघा, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतील तर रिकामी चालवताना रिकाम्याचा आकडा ठेवा. हवा सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना मोजायची. खानापूरपर्यंत आल्यावर पंक्चरवाल्याकडं मोजली तर टायर तापल्यामुळं आकडा चढलेला दिसतो. पोती भरायच्या आधी हवा परत वाढवायची, यात आळस नको, कमी हवेत भरलेला टायर आतनं तापून फुटतो. नायलॉन टायर असतील तर पुढच्या खेपेला रेडियल घ्या, त्याची बाजू जास्त लवते. फक्त टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, जुन्यापेक्षा कमी नको. कारचे टायर पिकअपला लावू नका.

आता पाटे, आणि माझ्या मते खरं दुखणं इथंच आहे. कमान वाकते ती पाटे एकमेकांवर घसरले तरच. तुमच्याकडं कणकुंबीच्या बाजूचा पाऊस, त्यात तांबडी माती. ती माती पाट्यांच्या फटीत बसते, उन्हाळ्यात वाळते, खाली गंज धरतो. मग बारीक खडी, उखडलेलं डांबर अशा लहानसहान गोष्टींना कमान वाकतच नाही. घर्षण सुटेल इतका मोठा धक्का बसेपर्यंत नऊ पाटे एका जाड लोखंडासारखे वागतात आणि सगळा दणका चेसीत, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यात जातो.

स्वतः बघा. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि बॅटरी घेऊन मागनं वाका. प्रत्येक पाट्याचं टोक वरच्या पाट्याला जिथं टेकतं, तिथं नीट प्रकाश टाका. हलणाऱ्या कमानीत तिथं लोखंड घासून चकचकीत झालेलं असतं, बोटभर रुंदीचा पट्टा स्पष्ट दिसतो. आखडलेल्या कमानीत तो पट्टा नसतोच. त्या जागी तांबूस भुकटी आणि चिखलाची पापडी असते, स्क्रू ड्रायव्हरनं टोचली की खपली निघते. टोकाखाली प्लास्टिकचा किंवा रबराचा तुकडा असेल तर तो झिजून लोखंड लोखंडावर आलंय का तेही बघा. कमानीत फक्त दोन-तीनच पाटे असतील, मध्ये जाड आणि टोकाकडं निमुळते, आणि मध्ये फट असेल, तर ते पॅराबोलिक. त्यांना हे दुखणं फारसं नसतं.

आखडलेले असतील तर कमान उतरवून पूर्ण उघडायची. चांगला पाटेवाला सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) सोडायच्या आधी दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावतो, कारण पाटे ताणात असतात आणि सुटले की उसळतात. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशनं घासून घ्या. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ बारीक चीर आहे का बघा, पाटा बहुतेक वेळा तिथंच जातो. टोकानं वरच्या पाट्यात खाच पाडली असेल तर टोकाची धार ग्राइंडरनं गोल करून घ्या. मग ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात, टोकाचे पॅड नवे. साधं ग्रीस भरभरून लावू नका, त्याला आपली तांबडी धूळ चिकटते आणि तेच पाट्यांना घासत बसतं. पावसाळ्याआधी पाट्यांवर जळकं ऑइल किंवा डिझेल मारायची जी पद्धत आहे, ती बंद करा. त्यानं बुशांचं, म्हणजे कमानीच्या टोकाच्या भोकात बसणाऱ्या नळ्यांचं, रबर फुगून जातं, आणि ओघळ ब्रेक ड्रममध्ये गेला तर ब्रेक धरत नाही.

पाटे बसलेत म्हणून कोणी गॅसनं लाल करून वाक देतो म्हणाला तर गाडी तिथनं हलवा. हे स्प्रिंग स्टील असतं, त्याला हार्डनिंग आणि टेंपरिंग करून ताकद आणलेली असते. लाल करून हवेत गार केलं की ती गेली, मग वाक दिसायला छान, पण दोन महिन्यांत परत बसतो किंवा तुटतो. बेळगावात एवढे फाउंड्रीवाले आणि हीट ट्रीटमेंटवाले आहेत, कुणालाही विचारा. वाक द्यायचा तर थंड ठोकून, नाहीतर पूर्ण हीट ट्रीटमेंट परत करून.

कमान उतरली आहे तेव्हाच बुश आणि शॅकल पिनाही (कमानीचं मागचं टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याच्या पिना) करून टाका, मजुरी एकदाच लागते. इथं बहुतेक ठिकाणी एक गोष्ट राहून जाते आणि माझा तिच्यावर फार कटाक्ष असतो. रबरी बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर टांगलेली असताना पूर्ण आवळायचे नाहीत. तेव्हा कमान खाली लोंबत असते. तसंच आवळलं तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. पिळलेलं रबर कमानीला हलू देत नाही आणि लवकर फाटतंही. बोल्ट हातानं बसवायचे, गाडी चारही चाकांवर उतरवायची, मागनं दोन-चारदा दाबून हलवायची आणि मगच शेवटचं आवळायचं. मेस्त्रींना समोर उभं राहून हे करायला सांगा. धातूचे बुश आणि ग्रीस निपल असतील तर ही भानगड नाही, मात्र ग्रीस वेळच्या वेळी मारायला पाहिजे.

कमान ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका, ते ताणलेले असतात. नवे घाला, चारही नट आलटूनपालटून सारखे आवळा आणि काहीशे किलोमीटर चालवून परत आवळून घ्या. सैल यू-बोल्टमुळं सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी तिरकी पळायला लागते.

शॉकअपचं बोलतो. शॉकअप वजन उचलत नाही, ते काम पाट्यांचं. पाटा एकदा दबून उसळला की त्याला लवकर शांत करणं एवढंच शॉकअपचं काम. म्हणून ताठ कमानीला कडक शॉकअप लावून आराम मिळत नाही, उलट दणका वाढतो. तुमचे बदलायला झालेत का ते ओळखणं सोपं आहे. अंगावर तेलाचा ओला डाग असेल, किंवा हंप ओलांडल्यावर मागचा भाग दोन-तीनदा डोलत राहत असेल, तर बदला. दोन्ही बाजूंचे एकदम. खराब रस्त्यावर सतत चालणाऱ्या गाडीला गॅसचे बरे, कारण सतत हलून तेलात फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो, गॅसच्या दाबामुळं तो फेस कमी होतो. गेब्रियल किंवा कंपनीचेच, तुमच्या मॉडेलचे घ्या.

भाऊ म्हणतात ते सेट वाईट नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या ओल्ड मॅन एमूसारख्या कंपन्या गाडीवर कायम किती वजन राहणार ते बघून वेगवेगळ्या ताठपणाचे पाटे देतात. तिकडं लोक लोखंडी बंपर, विंच, छतावरचा तंबू असं कायमचं वजन घालून फिरतात. तुमची गाडी वर्षातला बराच काळ रिकामी. वजनाचा वर्ग चुकला तर एवढे पैसे घालून गाडी आहे त्यापेक्षा टणक होईल. एअर बॅगचंही तसंच. ॲक्सल आणि चेसीच्या मध्ये बसवतात, भरलेली गाडी बसू देत नाहीत, पण आहे त्या पाट्यांत ताठपणाची भरच घालतात. मऊ पाटे घातले आणि भरल्यावर आधार हवा असेल तरच त्यांचा उपयोग.

केबिनच्या खालची रबरं बघायला विसरू नका. केबिन चेसीवर रबरी माउंटवर बसलेली असते. ती दबून कडक झाली की पाटे कितीही चांगले असोत, बारीक थरथर सीटपर्यंत येते. सीटचा फोमही बसला असेल तर चांगल्या घनतेचा भरून घ्या. दवाखान्याच्या दिवशी हौद्यात मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढं वाळूची दोन-तीन पोती ठेवलीत तरी फरक पडतो, पण ती दोरीनं पक्की बांधा, ब्रेक मारल्यावर पोतं केबिनवर येता कामा नये.

पाट्यांची उंची बदलायची झाली तर एक गोष्ट जपा. बऱ्याच पिकअपना मागं एक वॉल्व्ह असतो, त्याची कांडी चेसीपासून ॲक्सलला जोडलेली असते. गाडी किती दबली आहे यावरनं तो मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. पाटे काढून गाडी खाली आली की त्याला वाटतं गाडी भरली आहे, आणि रिकाम्या गाडीत मागची चाकं लॉक होतात. उंच केली की उलटं, भरलेल्या गाडीला मागं ब्रेकच कमी मिळतो. भाजी भरून चोर्ल्याचा घाट उतरणाऱ्यांनी तर याच्याशी अजिबात खेळू नये. काम झाल्यावर ती कांडी पुस्तकातल्या मापाला सेट करून घ्या, आणि हेडलाइटची उंची व अलाइनमेंटही तपासा.

कायद्याचं थोडक्यात. जुने पाटे दुरुस्त करणं, कंपनीच्या मापाचे नवे घालणं याला कुणाची हरकत नसते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही, आणि आठ वर्षांनंतर मालाच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला कायद्यात २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड आहे.

एवढं सगळं करून महिनाभर चालवा. तरीही टणक वाटली तर पॅराबोलिक पाट्यांचा विचार करू, तुमच्या मॉडेलला आणि आरसीवरच्या वजनाला जुळणारा सेट मिळाला तरच. त्यासाठी आधी वजन पाहिजे. एपीएमसीला याल तेव्हा वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून एकदा भरलेल्या आणि एकदा रिकाम्या गाडीचं वजन करून घ्या. त्या दोन चिठ्ठ्या, पाट्यांच्या टोकांचे जवळनं काढलेले फोटो आणि गाडीचं नेमकं मॉडेल इथं टाका, मग कोणता सेट घ्यायचा ते नक्की सांगता येईल.